दुबईचा पगार दिसतोय, पण सीट कुठली ते बघितलंस का?

एका तरुण पायलटाचं पत्र आलंय, ते थोडं कमी करून देतोय, ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय:

"काका नमस्कार. मी जुळे सोलापूरचा, वय ३१, एका भारतीय कंपनीत एअरबस ए३२० विमानावर फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आहे, बेस हैदराबाद. साडेपाच वर्षं झाली, ३,१०० तास झालेत. महिन्याला हातात २ लाख ४० हजारच्या आसपास येतात. ट्रेनिंगसाठी बाबांचं घर गहाण ठेवून कर्ज काढलं होतं, त्यातले ३२ लाख अजून बाकी आहेत. बायको डेंटिस्ट आहे, विजापूर रोडला तिचं क्लिनिक आहे, महिन्याला सत्तरएक हजार सुटतात. ती आणि दोन वर्षांची मुलगी सोलापुरात आईबाबांसोबत असतात आणि मी सुट्टीला गाडी काढून येतो, पाच-साडेपाच तास लागतात. आता दुबईच्या एका कंपनीची ऑफर आलीय, बोईंग ७७७ वर फर्स्ट ऑफिसर म्हणून, बेसिक २७ हजार आणि फ्लाइंग पे धरून ३४ हजार दिरहम, टॅक्स नाही, राहायला घर कंपनीचं. इकडं सीनियॉरिटीप्रमाणे माझा कमांडचा (कॅप्टन होण्याचा) नंबर १५ महिन्यांनी आहे असं सांगतात, नवीन कॅप्टनला टॅक्सच्या आधी साडेसात लाख मिळतात. मित्र म्हणतात डोळे झाकून जा. बाबा म्हणतात इथंच बरं चाललंय की. बाबांचा एमआयडीसीत टॉवेलचा कारखाना होता, तो बंद करावा लागला, तेव्हापासून ते कुठल्याच नव्या गोष्टीला हो म्हणत नाहीत. आईला शुगर आहे. दहा दिवसांत उत्तर द्यायचंय. काय करू?"

तुला तू म्हणतोय, चालेल ना, माझा मुलगा तेवीसचा आहे आणि तुझ्या पत्रातली घाई बघून मला त्याच्याशीच बोलतोय असं वाटलं. आधी निकाल सांगतो, कारणं नंतर. मी तुझ्या जागी असतो तर ही ऑफर आत्ता घेतली नसती. कमांड घेतली असती, लेफ्ट सीटवर, म्हणजे कॅप्टनच्या सीटवर, हजारेक तास केले असते आणि मग दुबई काय, जिथून बोलावणं येईल तिथं गेलो असतो. दुबई वाईट आहे म्हणून नाही, मी ११ वर्षं आखातात पायलट म्हणून काढलीत, त्या पैशातनं होटगी रोडचं घर उभं राहिलं, बहिणीच्या दोन्ही मुलींची शिक्षणं झाली, त्या गावांबद्दल माझ्या तोंडून वाकडा शब्द निघणार नाही. पण तू विचारतोयस पगाराचं, आणि माझ्या मते प्रश्न पगाराचा नाहीच, प्रश्न सीटचा आहे.

तरी पगारापासूनच सुरू करू, कारण मित्र तुला तोच आकडा दाखवतायत.

३४ हजार दिरहम. दिरहम १९९७ पासून डॉलरला बांधलेला आहे, एका डॉलरला ३.६७२५, त्यामुळं तुझा पगार नावाला दिरहममध्ये पण खरा डॉलरमध्येच, आणि रुपया घसरला की घरी पाठवलेले पैसे आपोआप वाढतात, हा फायदा खरा आहे आणि मी तो चांगला अनुभवलाय. हिशोब सोपा जावा म्हणून दिरहम २३ रुपये धरू, म्हणजे झाले ७ लाख ८२ हजार. तुझ्या आजच्या पगाराच्या तिपटीच्या वर. इथंच सगळ्यांचे डोळे दिपतात. पण तू तुलना चुकीच्या आकड्याशी करतोयस. दुबईचा पगार तुझ्या आजच्या पगाराशेजारी ठेवायचा नाही, तू पंधरा महिन्यांनी जिथं असशील त्या पगाराशेजारी ठेवायचा.

आता बघ. कॅप्टनचे साडेसात लाख म्हणजे वर्षाला ९० लाख, नव्या टॅक्स पद्धतीत सरचार्ज आणि सेस धरून पंचवीस-सव्वीस लाख सरकारला जातात, पीएफ वगैरे कापून सव्वापाच लाख हातात पडतील. त्यात बायकोचे सत्तर हजार मिळव, ५ लाख ९५ हजार. हैदराबादची खोली, सोलापूरचं घर, गाडी, पेट्रोल, सगळा खर्च १ लाख ६० हजार धर, उरले ४ लाख ३५ हजार. (कर्जाचा हप्ता दोन्हीकडं सारखाच जाणार म्हणून तो मी कुठंच धरत नाहीये.) दुबईला घरभाडं नाही हे खरं, पण वीज-पाणी, गाडी, किराणा, फोन, मुलीची नर्सरी, वर्षातनं दोन-तीनदा गावाकडं येणं, पाव्हणे आले तर त्यांचं, असं करत करत चौदा हजार दिरहम जातातच, तेही हात आखडून. उरले २० हजार, म्हणजे ४ लाख ६० हजार. आणि बायकोचं क्लिनिक बंद झालेलं, ते तर तू हिशोबात घेतलंच नव्हतंस. फरक किती राहिला? महिन्याला पंचवीस हजार. जुळे सोलापुरातनं उठून वाळवंटात जायचं, क्लिनिकला कुलूप लावायचं, आणि फरक पंचवीस हजार.

तू म्हणशील काका, पण ते पंधरा महिन्यांनंतर, तोवर तर मी महिन्याला दीड लाखच शिल्लक टाकतोय. बरोबर आहे. पण नोटीस विसरलास. डीजीसीएच्या (विमान वाहतूक खात्याच्या) २०१७ च्या नियमाप्रमाणे को-पायलटला ६ महिन्यांची नोटीस आहे, आज राजीनामा टाकलास तरी सहा महिने तू हैदराबादलाच. राहिले नऊ महिने, त्या नऊ महिन्यांत दुबईत जास्तीचे वाचणार २७-२८ लाख, आणि त्यातलेही पहिले तीन-चार महिने ग्राउंड स्कूल, सिम्युलेटर, लाइन ट्रेनिंग, तेव्हा फ्लाइंग पे जवळपास नाहीच, नुसता बेसिक. ते वजा केलं की वीस लाखाच्या आसपास आलं. वीस लाख कमी नाहीत, कर्ज बाकी असलेल्या माणसाला तर नाहीतच, मी त्याला क्षुल्लक म्हणणार नाही. पण एवढ्याच रकमेसाठी तू लेफ्ट सीट सोडून निघालायस हे तुझ्या कुठल्याच मित्रानं तुला मांडून दाखवलेलं दिसत नाही.

आता सीट. वाचणाऱ्यांपैकी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, कॉकपिटमध्ये डावीकडं कॅप्टन बसतो आणि उजवीकडं फर्स्ट ऑफिसर, विमान दोघंही उडवतात पण निर्णय आणि सही कॅप्टनची, आणि लॉगबुकात कॅप्टन म्हणून जे तास पडतात त्यांना पीआयसी म्हणतात. आमच्या धंद्यात बाजारात चालणारं खरं नाणं हेच. परदेशातल्या नोकऱ्यांच्या जाहिराती काढून बघ, चीन, व्हिएतनाम, कोरिया, जपान, तिथं बाहेरचा माणूस घेतात तो बहुतेक वेळा कॅप्टन म्हणूनच, अमुक टाइपच्या विमानावर इतके तास पीआयसी अशीच अट असते, कारण को-पायलट त्यांच्या घरचे भरपूर असतात, कमी पडतो तो अनुभवी कॅप्टन, तो तयार व्हायला वर्षं लागतात. म्हणजे फर्स्ट ऑफिसर म्हणून बाहेर जायला दोन-तीनच दारं, कॅप्टनला दहा. आणि तू त्या दहा दारांपासून पंधरा महिन्यांवर उभा आहेस.

मी हीच चूक केली म्हणून सांगतोय. २००९ मध्ये मी ३४ चा होतो, इकडं ७३७ वर फर्स्ट ऑफिसर, कमांडला आठ-नऊ महिने बाकी होते. ऑफर आली, गेलो. तिकडं इंटरव्ह्यूत सांगितलं होतं की चारेक वर्षांत कमांड होते. मला सात लागली. कुणी मुद्दाम फसवलं असं नाही, विमानं उशिरा आली, वरची माणसं हलली नाहीत, सीनियॉरिटीची लिस्ट जिथल्या तिथं. माझ्याच बॅचचा एकजण इकडं थांबला, कमांड घेतली, दोनेक वर्षं लेफ्ट सीट केली आणि व्हिएतनामला थेट कॅप्टन म्हणून गेला, मी तेव्हा उजवीकडंच बसलेलो होतो. त्याला बघून मला जे वाटायचं ते मी इथं लिहीत नाही, पण तुला ते वाटू नये म्हणून हे एवढं लांबलचक लिहितोय.

अजून एक गोष्ट जी बाहेरच्यांना कळत नाही. ७७७ मोठं, देखणं विमान आहे, त्याचा मोह मला कळतो, पहिल्यांदा त्याच्या चाकाजवळ उभं राहिलो तेव्हा पोटात कालवलं होतं. पण लाँग हॉलला कॉकपिटात तीन-चार पायलट आणि लँडिंग एकच, महिन्याला तुझ्या वाट्याला दोन लँडिंग आली तरी बरं म्हणायचं. ९० दिवसांत तीन टेकऑफ-लँडिंग पाहिजेत हा नियम पुरा करायला मला एकदा सिम्युलेटरला जावं लागलं होतं. इकडं ए३२० वर तू दिवसाला चार-चार सेक्टर, म्हणजे उड्डाणं, करतोस, पावसाळ्यात मुंबई, गोवा, ढग, क्रॉसविंड, डायव्हर्जन, इंधनाचा हिशोब, हे सगळं कमांडच्या तयारीचं खाद्य आहे. कमांडच्या उंबरठ्यावर असताना हा सराव सोडून तू पुन्हा नवीन विमानावर, नवीन कंपनीत, लिस्टच्या तळाला जाऊन बसणार.

बाजार पण बघ ना. इंडिगोनं जून २०२३ मध्ये ५०० विमानांची ऑर्डर दिली, एअर इंडियानं त्याच वर्षी फेब्रुवारीत ४७० ची, अकासानं जानेवारी २०२४ मध्ये १५० ची. ही विमानं येतील तसे कॅप्टन लागणारच. डिसेंबर २०२५ मध्ये काय झालं आठवतंय, ड्युटीचे नवीन नियम नोव्हेंबरपासून पूर्ण लागू झालेले, पायलटांचं नियोजन कोलमडलं आणि देशभर हजारो फ्लाइट रद्द झाल्या, लोक एअरपोर्टवर बॅगांवर झोपले. त्या लोकांचे हाल झाले हे वाईटच, पण आपल्या धंद्यातल्या माणसानं त्यातनं एवढं ओळखावं की देशात पायलटाची किंमत वाढलीय. आणि मोठ्या विमानाचंच म्हणशील तर इंडिगोनं ए३५० मागवलीत, एअर इंडियाकडं ती आलीही आहेत, ए३२० वाल्याला ए३५० फार परकं नाही, कॉकपिट एकाच घराण्यातलं.

आता माझ्याच सल्ल्याला लागलेली एक मेख सांगतो. तू लिहिलंयस की नंबर १५ महिन्यांनी आहे "असं सांगतात". कोण सांगतं? क्रू रूममधले सीनियर की ट्रेनिंग डिपार्टमेंट? २०२३ पासून प्रॅट अँड व्हिटनीच्या इंजिनांच्या भानगडीत आपल्याकडची कितीतरी ए३२० जमिनीवर उभी राहिली, आणि विमानं उभी राहिली की कमांड पण उभी राहते. तेव्हा तोंडी शब्दावर जाऊ नकोस. लिस्टवर तुझ्या पुढं किती जण आहेत ते मोज, गेल्या सहा महिन्यांत किती जणांना अपग्रेड केलं ते विचार, भागाकार कर. उत्तर दीड-पावणेदोन वर्षांच्या आत आलं तर थांब. अडीच-तीन वर्षं आलं तर वरचा माझा सगळा हिशोब उलटतो, मग नऊ महिन्यांचा फरक राहत नाही, सत्तर-ऐंशी लाखांचा होतो, तेव्हा मी म्हणेन जा. हेही ध्यानात ठेव की कॅप्टन झालास की तुझी नोटीस एक वर्षाची होते, म्हणजे पुढं बाहेर पडायचं तर दार उघडायला जास्त वेळ लागणार. माझ्या ओळखीतल्या तिघांना बाहेरच्या कंपन्यांनी वर्षभर थांबून घेतलं, पण थांबतीलच असं मी तुला लिहून देऊ शकत नाही.

२०२० बद्दल लिहावंच लागेल. जुलैत एका सकाळी मला मेल आला, चार ओळींचा. अकरा वर्षांची नोकरी गेली त्याचं दुःख मी पचवलं असतं, जगभर हेच चाललं होतं, हाँगकाँगच्या कॅथे पॅसिफिक कंपनीनं त्या ऑक्टोबरात ८,५०० जागा कमी केल्या आणि ड्रॅगन नावाची अख्खी कंपनीच बंद केली. मला जे कळलं नव्हतं ते हे, की तिकडं नोकरी, घर, व्हिसा, पोराच्या शाळेचा भत्ता, दवाखान्याचा इन्शुरन्स सगळं एकाच खुंटीला टांगलेलं असतं. खुंटी निघाली की सगळं एकदम खाली. घर महिन्यात रिकामं करायचं, मुलगा बारावीच्या तोंडावर, बायको भांडी वर्तमानपत्रात गुंडाळतेय, आणि युनियन वगैरे काही नाही, अमिरातीत ती काढताच येत नाही. नोकऱ्या आपल्याकडं जात नाहीत असं नाही, किंगफिशर २०१२ ला गेली, जेट एप्रिल २०१९ ला थांबली, गो फर्स्ट मे २०२३ ला. पण इथं कंपनी बंद पडली म्हणून तुला जुळे सोलापूर सोडून जा असं कुणी म्हणत नाही. आपल्या देशात परदेशी पायलटांना जी परवानगी देतात तिचं नाव एफएटीए आहे, त्यातला टी म्हणजे टेम्पररी, तात्पुरती. आपले कॅप्टन तयार झाले की ते लोक परत जातात, आणि कुणाला त्यात वावगं वाटत नाही. तिकडं गेल्यावर तो परत जाणारा माणूस तू असशील.

परत आलो तेव्हा माझी सगळ्यात मोठी चूक उघडी पडली, भारतीय लायसन्सकडं मी अकरा वर्षं लक्षच दिलं नव्हतं. इन्स्ट्रुमेंट रेटिंग गेलेलं, मेडिकल गेलेलं, सगळं पहिल्यापासून, आणि भरती तर तेव्हा शून्य. दोन वर्षं घरी बसलो. नंतर उडलो थोडं, २०२३ मध्ये हृदयाच्या तपासणीत अडकलो आणि मेडिकल कायमचं गेलं, आता हैदराबादला सिम्युलेटरवर शिकवतो. त्यामुळं पुढं कधीही गेलास, पस्तिशीत नाही तर पंचेचाळिशीत, लॉस ऑफ लायसन्स इन्शुरन्स किती रकमेचा आहे ते करारात आधी बघ, आणि डीजीसीएचं एटीपीएल, म्हणजे कॅप्टनसाठी लागणारं लायसन्स, हातात घेऊनच विमानात बस, तिकडं जाऊन पेपर देऊ म्हणणारे कधी देत नाहीत.

आता घर. इथं मला तुझ्या पत्रातली एक गोष्ट खटकलीय. बाबा काय म्हणतात ते लिहिलंस, मित्र काय म्हणतात ते लिहिलंस, आईची शुगर लिहिलीस, बायकोचं मत एका ओळीनंही नाही. तिचं क्लिनिक आहे, तिचे पेशंट आहेत, विजापूर रोडला नाव व्हायला किती वर्षं लागतात तुला माहितीय. दुबईत डेंटिस्टला उद्या जाऊन परवा काम करता येत नाही, डिग्रीची पडताळणी, मग डीएचएची, म्हणजे दुबईच्या आरोग्य खात्याची परीक्षा, मग लायसन्स, मग नोकरी शोधणं, वर्ष-दीड वर्ष कुठंच नाही गेलं. ते तिला चालणार असेल, किंवा मुलगी लहान आहे तोवर तिला स्वतःलाच थांबायचं असेल, तर ती वेगळी गोष्ट, पण ते तिच्या तोंडून आलं पाहिजे.

आणि प्रामाणिकपणे सांगायचं तर याच ठिकाणी माझं मत थोडं हलतं. आज तू मुलीला महिन्यात किती दिवस बघतोस, सात, आठ? दुबईला गेलात तर तिघं एका छपराखाली राहाल, हे सुख पैशात मोजता येत नाही आणि मी ते अकरा वर्षं घेतलंय, मुलाला पोहायला मी स्वतः शिकवलं. तुझी बायको म्हणाली की मला क्लिनिकपेक्षा हे हवंय, तर मी लिहिलेले सगळे आकडे बाजूला ठेव. पण त्याच्या आधी तिला हेही विचार की पंधरा महिने त्या दोघी हैदराबादला येऊ शकतील का, किंवा तुझ्या सुट्ट्या जोडून मिळतील का, ड्युटीच्या नव्या नियमांत आठवड्याची विश्रांती ३६ तासांवरून ४८ तासांवर आलीय, गाडीचे अकरा तास गेले तरी एक आख्खा दिवस हातात राहतो. दुबई म्हणजे रोज संध्याकाळी घरी असंही समजू नकोस, भारताच्या कितीतरी फ्लाइट मध्यरात्री निघतात आणि सकाळी परत येतात, दिवसा पडदे लावून झोपायचं आणि दोन वर्षांच्या पोरीला सांगायचं हळू बोल बाबा झोपलाय. उन्हाचं मी काही बोलत नाही, सोलापूरच्या माणसाला उन्हाचं काय सांगायचं.

आईबाबांचं अंतर म्हणशील तर ते वाटतं तेवढं नाही. तीन तासांत मुंबई, पुढं वंदे भारत नाहीतर सिद्धेश्वर एक्सप्रेस, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सोलापूर-मुंबई विमानही सुरू झालंय, आमच्या वेळी बहुतेक वर्षं यातलं सिद्धेश्वर सोडून काहीच नव्हतं. अडचण अंतराची नसते, सुट्टी आणि सीटची असते. स्टाफ तिकीट स्टँडबायचं असतं, विमानात जागा उरली तर तुम्ही, आणि दिवाळीला, संक्रांतीला जागा उरत नाही. अकरा वर्षांत गड्ड्याला, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेला, मी तीनदा आलो, नंदीध्वजांची मिरवणूक बाकीच्या आठ वर्षी मोबाइलवर बघितली.

आईची गोष्ट सांगू का. माझी आई रोज व्हिडिओ कॉलवर यायची, नीट साडी नेसून, जेवलास का, पोरगं काय म्हणतंय, इकडं सगळं बरं आहे. रोज हीच तीन वाक्यं. मला वाटायचं आई छान आहे. २०२० मध्ये परत येऊन घरी राहायला लागलो तेव्हा आठवड्याभरात कळलं की तिला त्या तीन वाक्यांच्या पलीकडचं फारसं आठवतच नाहीये, डब्याला शेंगाचटणी समजून हळद भरून ठेवायची. दोन वर्षं तरी हे चाललं असणार आणि मी रोज तिचं तोंड बघत होतो. तुझ्या आईची शुगर आहे, तुझी बायको आज त्या घरात आहे, तिला दिसतं काय खाल्लं, गोळी घेतली की नाही. ती दुबईला आली की ते बघणारं तिथं कोण, हे ठरवून जायचं, देवावर सोडून नाही.

बाबांवर चिडू नकोस. त्यांना नवीन गोष्टीची भीती वाटते असं तू लिहिलंस, मला तसं वाटत नाही. ज्यानं एमआयडीसीत माग चालवलेत त्याला पक्कं माहिती असतं की ऑर्डर चालू असतात तोवर चालू असतात आणि एके दिवशी पार्टीचा फोन येणं बंद होतं. शिवाय घर त्यांचं आहे आणि ते गहाण आहे. तुझं तिकडं काही बिनसलं तर बँकेची माणसं दुबईला येणार नाहीत, जुळे सोलापूरला येणार. त्यांच्यासमोर हा वरचा हिशोब कागदावर मांड, कारखान्याचा माणूस आहे, आकडे तुझ्यापेक्षा लवकर वाचेल. आणि थांबायचं ठरवलंस तर कॅप्टनचा पगार सुरू झाल्यावर पहिलं वर्ष दुसऱ्या कशाला हात न लावता ते घर सोडव, म्हणजे पुढच्या वेळी परदेशाचं नाव काढलंस तर ते वेगळ्या आवाजात बोलतील.

पुढं कधी गेलास तर दोन-चार गोष्टी पटकन. आर्थिक वर्षात १८२ दिवसांपेक्षा कमी भारतात राहिलास तर त्या वर्षी एनआरआय धरतात, म्हणजे २८ सप्टेंबरच्या आत निघालेलं बरं, नंतर निघालास तर त्या वर्षीच्या दुबईच्या पगारावरही इथं टॅक्स बसू शकतो, सीएला आधी भेट. भारतातले लेओव्हर, म्हणजे ड्युटीतले मुक्काम, पण भारतातले दिवस म्हणूनच मोजले जातात, हे पायलट लोक हमखास विसरतात. इथलं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयाचं, करून घ्यावं लागतं, पाठवलेले पैसे एनआरई खात्यात ठेव, त्याच्या व्याजाला टॅक्स नाही. अमिरातीच्या कायद्यात नोकरी संपल्यावरची ग्रॅच्युइटी फक्त बेसिकवर मोजतात, पहिल्या पाच वर्षांना वर्षाला २१ दिवसांची, तेव्हा ३४ हजार ऐकून खूश होऊ नकोस, २७ बघ, आणि कंपनीचा स्वतःचा फंड असेल तर त्याचे नियम मागून घे. ट्रेनिंग बाँड किती वर्षांचा, मधेच त्यांनीच काढलं तर बाँड कोण भरणार, हे मेलवर लिहून घे, फोनवर नाही.

दहा दिवसांचं म्हणशील तर सरळ नाही म्हणू नकोस. साधा, नम्र मेल टाक की सहा महिने नोटीस आहे, घरची जबाबदारी आहे, जॉइनिंग पुढच्या वर्षी ढकलता येईल का. फार तर नाही म्हणतील. या कंपन्या एकदा पास झालेल्या माणसाला लक्षात ठेवतात, मी ज्यांना शिकवतो त्यातल्या दोघांना दुसऱ्यांदा बोलावणं आलेलं मी बघितलंय.

पण तो मेल आज रात्री नको. आधी शनिवारी सोलापूरला ये, तुझं पत्र आणि हे उत्तर दोन्ही बायकोला वाचायला दे, मुलीला आजीकडं ठेवा आणि दोघंच कंबर तलावाकडं चक्कर मारून या. ती काय म्हणाली ते मला कळव, मग आपण पुढचं बोलू.